पीसीएल स्कॅफोल्ड: चकत्या तरंगतात, पेशी मरतात, आठ आठवड्यांत वजनही घटत नाही. नेमकं कुठं चुकतंय?

पैठणगेट_लॅब (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. हाडातली पोकळी भरण्यासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे (पीसीएल, हळूहळू विरणारं प्लास्टिक) सच्छिद्र स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला आधार देणारे सांगाडे, करते आहे. पद्धत साधी मीठ-गाळणीची: पॉलिमरमध्ये मीठ मिसळायचं आणि नंतर ते पाण्याने काढलं की त्या जागी छिद्रं राहतात. सगळे आकडे देते, म्हणजे नेमकं बोट ठेवता येईल.

पीसीएल रेणुभार ८०,०००. १ ग्रॅम पीसीएल १० मिली क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं, त्यात चाळलेलं मीठ ९ ग्रॅम (२५० ते ४२५ मायक्रॉन). ६० मिमीच्या काचेच्या पेट्री डिशमध्ये ओतून फ्यूम हूडमध्ये रात्रभर, नंतर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ४० अंशाला २४ तास. १० मिमीच्या पंचने चकत्या काढल्या, जाडी ३ मिमी. एका चकतीचं वजन सरासरी ३१० मिग्रॅ. मग साध्या आरओ पाण्यात ४८ तास, चार वेळा पाणी बदललं. वाळल्यावर वजन ३९ मिग्रॅ. निर्जंतुकीकरण ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० मिनिटं आणि दोन्ही बाजूंना यूव्ही.

अडचणी:

सेममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) वरची बाजू गुळगुळीत दिसते, छिद्रं जवळजवळ नाहीतच. ब्लेडने आडवं कापलं तर आतही सगळं लिंपल्यासारखं.

चकत्या पाण्यावर तरंगतात, माध्यमावरही (पेशी वाढवायच्या पोषक द्रवावर) तरंगतात.

चकत्या माध्यमात ठेवून त्याचा अर्क काढून एल९२९ पेशींवर (चाचणीसाठी वापरतात त्या उंदराच्या पेशी) २४ तासांची चाचणी केली, जिवंतपणा ५५ टक्के. अर्काचं प्रमाण ०.१ ग्रॅमला १ मिली. मार्गदर्शकांचं म्हणणं क्लोरोफॉर्म राहिलंय.

एमजी-६३ (हाडाच्या) पेशी पेरल्या (३० मायक्रोलिटरमध्ये २ लाख), सात दिवसांनी फक्त वरच्या थरात.

पीबीएसमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) ३७ अंशाला ८ आठवडे ठेवून वजनात घट शून्य. प्रबंधात 'जैवविघटनशील' लिहायचं कसं?

सिल्व्हर नायट्रेटने (क्लोराइड असलं की पांढरं होतं) शेवटचं पाणी तपासलं तर दरवेळी थोडं पांढरं होतंच.

---

खारवट (नांदेड)

ताई, क्लोरोफॉर्मला नंतर बघू. आधी तुमचंच वजन बघा, उत्तर त्यातच आहे.

३१० मिग्रॅच्या चकतीत १:९ प्रमाणाने पीसीएल ३१ मिग्रॅ आणि मीठ २७९. सगळं मीठ गेलं असतं तर वाळलेलं वजन ३१ आलं असतं. तुमचं आलं ३९. हे वरचे ८ मिग्रॅ मीठच आहे, म्हणजे तुमच्या 'शुद्ध पॉलिमर' चकतीत वजनाने पाचवा हिस्सा मीठ.

आता ०.१ ग्रॅमला १ मिली या प्रमाणात अर्क काढला म्हणजे प्रत्येक मिलीमागे साधारण २० मिग्रॅ मीठ आत बसलेलं. त्यातलं चौथाई जरी बाहेर आलं तरी ५ मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे ८५ मिलिमोलरच्या आसपास. सोडियम आणि क्लोराइड दोन्ही धरून माध्यमाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण; ते वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं) २९० वरून ४६० च्या घरात. या पाण्यात एल९२९ आक्रसणार नाहीत तर काय करणार? क्लोरोफॉर्मचा एक थेंब नसला तरी ५५ टक्के येऊ शकतात.

तुम्ही म्हणाल, ४८ तास पाण्यात राहून जे मीठ निघालं नाही ते माध्यमात कसं निघेल? कारण चकत्या तरंगत होत्या. पीसीएल पाण्याला जवळ करत नाही, छिद्रांत हवा अडकते आणि आतल्या मिठापर्यंत पाणी पोचतच नाही. पुढं तुम्ही ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवल्या, तेव्हा इथेनॉलने हवा ढकलली आणि छिद्रं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ओली झाली. त्यानंतर माध्यम आत शिरलं आणि उरलेलं मीठ तिथं सुटलं. जी ओल पहिल्या दिवशी व्हायला हवी होती ती निर्जंतुकीकरणाच्या दिवशी झाली, एवढीच चूक.

म्हणून गाळणीचा क्रम असा ठेवा. चकत्या आधी ५० टक्के इथेनॉलमध्ये टाका (पूर्ण शुद्ध इथेनॉल नको, त्यात मीठ विरघळत नाही). बीकर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवून ५ मिनिटं ओढा, बुडबुडे येतील, मग हवा हळूच सोडा. हवा आत येते तेव्हाच द्रव छिद्रांत ढकलला जातो, त्यामुळे ओढणं आणि सोडणं मिळून एक फेरी धरायची. तीन फेऱ्या. चकत्या तळाला बसल्या की ओल्या झाल्या, हीच खूण. मग पाणी. २० चकत्यांना ५०० मिली, मंद ढवळत, दर ६ ते ८ तासांनी बदल, असे सहा बदल. चुंबकी काडी चकत्यांना लागू देऊ नका, कडा भुगा होतात. चकत्या स्टीलच्या चहाच्या गाळणीत ठेवून ती बीकरमध्ये लटकवा.

सिल्व्हर नायट्रेटचं म्हणाल तर आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतंच आणि आरओतूनही थोडं सुटतं. शेजारी एका नळीत न वापरलेलं तेच पाणी घेऊन त्यातही थेंब टाका. दोन्ही सारखीच गढूळ झाली तर दोष चकतीचा नाही, पाण्याचा आहे. थेंबभर सौम्य नायट्रिक आम्लही घाला, नाहीतर कार्बोनेटही पांढरं दाखवतो. उन्हाळ्यात डिस्टिल्ड पाणी जपून वापरावं लागतं हे मान्य, म्हणून पहिले चार बदल आरओचे आणि शेवटचे दोन डिस्टिल्ड. शेवटच्या पाण्यात चकत्या १२ तास ठेवून वाहकता मोजा. ताज्या डिस्टिल्ड पाण्याइतकी आली की झालं. सिल्व्हर नायट्रेटपेक्षा कंडक्टिव्हिटी मीटरवर माझा जास्त भरवसा.

तरीही शंका असेल तर सहा चकत्या क्रुसिबलमध्ये ६०० अंशाला दोन तास जाळा. पीसीएल पूर्ण उडून जातं, मीठ राहतं (ते वितळतंच ८०१ ला). तुमच्या सध्याच्या सहा चकत्यांत ४८ मिग्रॅच्या आसपास राख सापडली तर माझं गणित बरोबर.

---

साय_धरली

खारवटांचं गणित पटलं, पण क्लोरोफॉर्मला एवढ्या सहज सोडू नका. औषधांसाठीच्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शनात क्लोरोफॉर्मची मर्यादा ६० पीपीएम आहे. डायक्लोरोमिथेनची ६००, डायॉक्सेनची ३८०. म्हणजे तुम्ही निवडलेला द्रावक यातला सर्वांत कडक मर्यादेचा. ३ मिमी जाड, वरून साय धरलेल्या वडीतून २४ तासांत तो ६० पीपीएमखाली जाईल असं मला वाटत नाही.

सायीचं कारण तुमच्या कृतीतच आहे. ९ ग्रॅम मीठ सैल भरलं तर साडेसात घन सेंमी जागा घेतं, त्यात दाण्यांमधली मोकळी जागा सव्वातीन मिली. तुम्ही ओतलं १० मिली द्रावण. मिठाची घनता २.१६, क्लोरोफॉर्मची १.४९, मीठ तळाला जाणारच. वर उरलेलं द्रावण नुसतं पॉलिमर घेऊन वाळतं. तापवलेल्या दुधावर धरते तशी साय, आणि ती धरली की खालचं क्लोरोफॉर्म कोंडतं. एप्रिल-मे मध्ये खोली चाळिशीला टेकलेली असते आणि क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतं. वरचा थर तासाभरात बंद होतो.

द्रावक निम्मा करा. १ ग्रॅम पीसीएल ५ मिलीत. द्रावण मधासारखं घट्ट होईल, विरघळायला तीन-चार तास लागतील, बाटलीचं झाकण घट्ट हवं. त्यात मीठ घालून कालवलं की ओल्या वाळूसारखा लगदा होतो. तो ओतायचा नाही, टेफ्लॉनच्या साच्यात स्पॅच्युलाने दाबून भरायचा. वर ॲल्युमिनियम फॉइल, त्याला सुईने सात-आठ भोकं, बस. हूडचा पंखा अंगावर येईल असं ठेवू नका. २४ तासांनी साच्यातून काढा, उलटा करा, आणखी २४ तास. त्यानंतर व्हॅक्यूम.

वरची आणि खालची अर्धा-अर्धा मिमी तरीही कापून टाका. साच्याच्या भिंतीला लागलेला भाग नेहमी बंद असतो. आणि कापणं मीठ आत असतानाच करा. गाळल्यानंतर पीसीएल मऊ स्पंजासारखं होतं, ब्लेड ते ओढत नेतं आणि छिद्रांची तोंडं लिंपतं. तुम्हाला सेममध्ये आत जे लिंपलेलं दिसलं ते स्कॅफोल्ड नाही, ब्लेडची करामत आहे. गाळल्यावरचा काप हवाच असेल तर द्रवनायट्रोजनमध्ये मिनिटभर बुडवून मोडा. कॉलेजात द्रवनायट्रोजन नसेल तर कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य ठेवणाऱ्या पशुवैद्यकीय केंद्राकडे तो असतो. परभणी आणि उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयंच आहेत. लिटरभर पुरतो. सेमची शलाका ५ किलोव्होल्टवर ठेवा, १५ वर पीसीएल डोळ्यांदेखत वितळतं.

क्लोरोफॉर्म काढायचं खरं ठिकाण गाळणीनंतर आहे, आधी नाही. मीठ गेलं की भिंती काही मायक्रॉन ते दहा-वीस मायक्रॉन जाडीच्या उरतात, तिथून द्रावक पटकन सुटतो. गाळलेल्या चकत्या शुद्ध इथेनॉलमध्ये २४ तास, दोन बदल, मग व्हॅक्यूममध्ये ३५ अंशाला ४८ तास. इथेनॉल पीसीएलला विरघळवत नाही पण क्लोरोफॉर्मला ओढून घेतं.

तपासणीसाठी हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत हे यंत्र रोजच्या वापरात असतं, विद्यापीठाच्या पत्रावर नमुना घेणारी एखादी मिळते. एनएमआरवर करणार असाल तर नेहमीच्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये करू नका! ७.२६ चं शिखर द्रावकाचंच असतं, तुमचं क्लोरोफॉर्म त्याच्याखाली लपतं. आणि ६० पीपीएम एवढं बारीक एनएमआरवर दिसणं अवघडच.

दोन गोष्टी जाता जाता. लोडशेडिंगमध्ये व्हॅक्यूम पंप बंद पडला आणि मधला व्हॉल्व्ह उघडा असेल तर पंपाचं तेल उलटं ओव्हनमध्ये खेचलं जातं. ते तेल चकत्यांवर बसलं तर पेशी मरण्याचं तिसरं कारण तयार, आणि ते कोणत्याही चाचणीत पटकन सापडत नाही. मध्ये ट्रॅप लावा. दुसरं, टाकाऊ क्लोरोफॉर्मची बाटली वेगळीच ठेवा; ॲसिटोन आणि अल्कली असलेल्या बाटलीत ते ओतलं तर स्फोट होऊ शकतो.

---

खारवट

मान्य. मग दोन्हीचा निकाल एकदाच लावा. चार गट: जशा आहेत तशा, फक्त पुन्हा गाळलेल्या, फक्त इथेनॉल-व्हॅक्यूम दिलेल्या, आणि दोन्ही केलेल्या. फक्त एक पेच आहे: शुद्ध इथेनॉल दिलं तरी चकती ओली होते, म्हणून तिसऱ्या गटातलं मीठ माध्यमात जास्तच सुटेल. त्यामुळे चारही अर्कांची ऑस्मोलॅलिटी मोजल्याशिवाय पेशींना हात लावू नका. ऑस्मोमीटर नसेल तर अर्क साध्या पाण्यात काढून क्लोराइडचं मोर टायट्रेशन करा, बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आहे.

अर्काच्या प्रमाणात अजून एक चूक होतेय. तुमच्या अडीच चकत्या म्हणजे ०.१ ग्रॅम. प्रत्येक चकती ०.२ मिली माध्यम पिते. १ मिलीतलं अर्धं माध्यम चकत्यांच्या पोटातच गेलं. शोषून घेणाऱ्या पदार्थाला, तो जेवढं पितो तेवढं माध्यम वेगळं मोजून जादा द्यायचं असतं आणि वर ०.१ ग्रॅमला १ मिली. आयएसओच्या हिशेबाने जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला तर पदार्थ पेशीघातक धरतात, म्हणून हा हिशेब बारकाईने करायला हवा.

मिठाबद्दल: किराणा दुकानातलं आयोडीनयुक्त मीठ वापरत नसालच अशी आशा आहे. त्यात गोळे होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते पाण्यात पूर्ण जात नाहीत. एआर ग्रेड (प्रयोगशाळेतलं शुद्ध) घ्या, ११० अंशाला दोन तास वाळवा, डेसिकेटरमध्ये ठेवा. चाळणी कोणत्या पद्धतीची आहे तेही बघा: ४२५ मायक्रॉनला एएसटीएममध्ये (अमेरिकी मानक) ४० नंबर, बीएसएसमध्ये (ब्रिटिश मानक) ३६. २५० ला दोन्हीकडे ६०. नुसतं '४० मेश' लिहिलेल्या प्रबंधावर परीक्षक हमखास अडवतात.

---

पैठणगेट_लॅब

दोघांचेही आभार. मीठ एआर ग्रेडचंच आहे, चाळण्या एएसटीएमच्या. दहा जुन्या चकत्या ५० टक्के इथेनॉल आणि व्हॅक्यूम देऊन पुन्हा गाळल्या. आधी तरंगत होत्या त्या दुसऱ्या फेरीतच तळाला बसल्या. वाळवून वजन सरासरी ३१.५ मिग्रॅ. म्हणजे मीठच होतं.

सच्छिद्रता मी ९० टक्के लिहिली आहे, कारण मीठ ९० टक्के. हे चालेल ना?

---

घनफळ

नाही चालणार. ९० टक्के हे वजनाचं प्रमाण, सच्छिद्रता घनफळाची. ९ भाग मीठ भागिले २.१६ म्हणजे ४.१७, १ भाग पीसीएल भागिले १.१४५ म्हणजे ०.८७. मिठाचं घनफळ ८२.७ टक्के. पण हेही तुमचं खरं उत्तर नाही. १० मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीच्या चकतीचं घनफळ ०.२३६ घन सेंमी. मीठ आणि पॉलिमर गच्च भरलं असतं तर तिचं वजन ४७० मिग्रॅच्या आसपास आलं असतं. आलं ३१०, म्हणजे तिसरा हिस्सा तेव्हाच हवा होती.

म्हणून शेवटच्या वजनावरून काढा: ३१.५ मिग्रॅ भागिले ०.२३६ म्हणजे घनता ०.१३३, ती भागिले १.१४५ म्हणजे ०.११७. सच्छिद्रता ८८ टक्के. व्हर्नियरने प्रत्येक चकती तीन जागी मोजा आणि जॉ दाबू नका, मऊ असते. इथेनॉल-विस्थापनाने पडताळा घ्या. दोन पद्धतींत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर काही छिद्रं बंद आहेत असं समजा.

छिद्रांचा आकार हाडासाठी ठीक आहे. १०० मायक्रॉन किमान, ३०० च्या पुढे रक्तवाहिन्या यायला बरं. पण आकारापेक्षा दोन छिद्रांमधली खिडकी महत्त्वाची. ती वाढवायची तर पॉलिमर घालण्याआधी मीठ दमट डब्यात, ३७ अंशाला आणि ९५ टक्के आर्द्रतेत काही तास ठेवा. दाणे एकमेकांना चिकटतात आणि चिकटलेल्या जागी पुढे खिडकी मोकळी राहते. हे मुद्दाम करायचं, पावसाळ्यात आपोआप होऊ द्यायचं नाही. मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाणी ओढतं. जुलैत उघड्या बरणीतलं मीठ आणि मे महिन्यातलं मीठ वापरून केलेल्या दोन बॅचेस जुळत नाहीत त्या यामुळेच.

---

पेशीपेरा

पेशी वरच राहण्याबद्दल. तुमच्या चकतीची पोकळी २०० मायक्रोलिटरच्या वर आहे. आधीच ओली, भरलेली चकती घेऊन तिच्यावर ३० मायक्रोलिटरचा थेंब ठेवला तर तो आत जाणार कुठं? भरलेल्या हंड्यावर तांब्या ओतल्यासारखं.

करायचं असं. निर्जंतुक केलेली चकती ७० टक्के इथेनॉलमधून ५०, मग २५, मग पीबीएस दोनदा, प्रत्येक टप्पा १५ मिनिटं. थेट इथेनॉलमधून माध्यमात टाकू नका, आतल्या इथेनॉलने पेशी मरतात. नंतर १० टक्के सीरम असलेल्या माध्यमात रात्रभर, म्हणजे भिंतींवर प्रथिनं बसतात आणि पेशींना धरायला जागा होते. पेरणीच्या वेळी चकती निर्जंतुक गाळणकागदावर ठेवून माध्यम टिपून घ्या, पण पूर्ण कोरडी होऊ देऊ नका. अशी अर्धवट रिकामी चकती १५० मायक्रोलिटर पेशीद्रव स्वतःच शोषून घेते. निम्मा एका बाजूने, दहा मिनिटांनी उलटून निम्मा दुसऱ्या बाजूने. २ लाख कमी आहेत, या जाडीला ५ लाख घ्या. इन्क्युबेटरमध्ये दोन तास, मगच वेल भरा. तळाला न चिकटणारी प्लेट वापरा, नाहीतर निम्म्या पेशी प्लास्टिकवर उतरतात आणि मोजणीत स्कॅफोल्डच्या नावावर चढतात. मोजणीच्या दिवशी चकती नव्या वेलमध्ये हलवायचीच.

पृष्ठभाग अजून पाणी-स्नेही हवा असेल तर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये एक तास आणि पीएच तटस्थ होईपर्यंत धुणं. रात्रभर ठेवू नका, बारीक भिंती खाल्ल्या जातात.

एवढं करूनही ३ मिमीच्या मध्यभागी पेशी टिकणार नाहीत. स्थिर माध्यमात ऑक्सिजन फार आत पोचत नाही. शरीरातसुद्धा पेशी केशवाहिनीपासून १००–२०० मायक्रॉनच्या आतच राहतात. प्लेटमधल्या प्रयोगाला चकती १ ते १.५ मिमीची करा. ३ मिमीच हवी असेल तर माध्यम आरपार ढकलणारी परफ्युजनची सोय लागेल.

जिवंत पेशी मोजायला एमटीटी चाचणी वापरत असाल तर तिच्यात तयार होणारा फॉर्मॅझान हा रंग छिद्रांत अडकून राहतो. डीएमएसओ (तो रंग विरघळवणारा द्रावक) घालून १५ मिनिटं हलवा, १०० मायक्रोलिटर नव्या प्लेटमध्ये घेऊन वाचा, आणि पेशी नसलेली चकती ब्लँक म्हणून हवीच. मला अशा जाड नमुन्यांना अलामार ब्लू (पेशी न मारता मोजणारा रंग) बरा वाटतो, त्याच चकत्या पुढच्या दिवशीही मोजता येतात.

आणि हे नक्की वाचा: काप काढायला पॅथॉलॉजीत देणार असाल तर नेहमीचं पॅराफिन सांगू नका. झायलीन पीसीएलला खातं आणि पॅराफिनची वडी ५६–६० अंशाला भरतात, तिथं पीसीएल वितळतं. स्लाइडवर फक्त पेशींचं भूत दिसेल. ओसीटीमध्ये (गोठवायच्या नमुन्याभोवती घालतात तो जेल) गोठवून क्रायोस्टॅटवर (थंडीत काप काढणारं यंत्र) काप घ्या, २० मायक्रॉनच्या खाली जाऊ नका, फाटतात.

---

साय_धरली

क्लोरोफॉर्मच नको असेल तर वितळ-पद्धतही आहे. पीसीएलची पावडर आणि मीठ कोरडंच मिसळायचं, दोन-चार थेंब इथेनॉल घालायचं म्हणजे पावडर खाली बसत नाही, टेफ्लॉन साच्यात दाबून ८०–९० अंशाला अर्धा तास, वर वजन ठेवून थंड करायचं. द्रावक शून्य. तोटा असा की भिंती नीट सांधत नाहीत आणि चकती कडांना भुसभुशीत होते. ८५ टक्के मिठाच्या वर गेलात तर हातात तुटते. दाणेदार पीसीएल मिक्सरमध्ये दळायच्या फंदात पडू नका; ते गरम होऊन पात्यालाच चिकटतं.

---

मंदविघटन

वजन घटत नाही हा दोष नाही, हाच पीसीएलचा स्वभाव आहे. याला पूर्ण जायला दोन वर्षांहून जास्त लागतात. आठ आठवड्यांत घट दिसली असती तर उलट शंका घ्यायला हवी होती, की उरलेलं मीठ सुटतंय की काय. तुमच्या जुन्या चकत्या पीबीएसमध्ये नीट ओल्या झाल्या असत्या तर तेच झालं असतं आणि '२० टक्के विघटन' म्हणून छापून आलं असतं.

पाण्याने साखळ्या तुटतात त्या आधी आतल्या आत. रेणुभार कमी होत जातो, वजन तेवढंच राहतं. रेणुभार ५,००० च्या आसपास आला की तुकडे बाहेर पडायला लागतात आणि तेव्हा वजन घटतं. म्हणून वजनाऐवजी रेणुभार मोजा. जीपीसी (रेणुभार मोजणारी क्रोमॅटोग्राफी) नसेल तर उब्बेलोड व्हिस्कोमीटर, क्लोरोफॉर्ममध्ये ३० अंशाला, चार संहतींवर अंतर्गत विष्यंदिता (द्रावणाच्या घट्टपणावरून रेणुभाराचा अंदाज देणारं माप) काढा. सुरुवातीच्या तुलनेत किती घसरली तेवढंच पुरे. पीबीएसमध्ये ०.०२ टक्के सोडियम ॲझाइड घाला, नाहीतर तिसऱ्या महिन्यात बुरशीचं वजन मोजाल. त्या चकत्या पुन्हा पेशींसाठी मात्र वापरू नका.

वेग वाढवून दाखवायचा असेल तर लायपेज हे विकर, स्युडोमोनास जीवाणूचं. त्यात पीसीएल काही दिवसांत झिजतं. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडनेही होतं. पण दोन्ही पृष्ठभागावरून खातात, शरीरातल्या संथ जलविच्छेदनासारखे नाहीत. एका नमुन्याची दुसऱ्याशी तुलना करायला ठीक. 'शरीरात इतक्या महिन्यांत जाईल' हे त्यावरून लिहू नये.

सहा महिन्यांत जाणारं हवं असेल तर पॉलिमर बदला. पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचं पॉलिमर; आकडे त्या दोघांचं प्रमाण) ५०:५० एक-दोन महिन्यांत जातं, ७५:२५ चार-पाच, ८५:१५ पाच-सहा. त्याची डोकेदुखी वेगळी: तुटताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल सुटतं, जाड तुकड्यात ते आत साठतं आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा आधी विरतो. माध्यम पिवळं पडायला लागलं की ओळखायचं. शिवाय ओलं झाल्यावर त्याचं काचसंक्रमण (कडक पॉलिमर मऊ पडायचं तापमान) ३७ अंशाच्या जवळ येतं, चकती आक्रसते. बाटली उणे २० ला, आणि उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्यायची, नाहीतर हवेतलं पाणी आत धरतं.

हाडाच्या कामाला पीसीएल मला चुकीचं वाटत नाही. शीर्षकात 'जलद' हा शब्द नसला म्हणजे झालं.

---

पैठणगेट_लॅब

शेवटचं एक. पुढच्या टप्प्यात प्राण्यांवरचा प्रयोग आहे, समितीची परवानगी आली आहे. ७० टक्के इथेनॉल आणि यूव्ही पुरेल का? ऑटोक्लेव्ह शक्य नाही हे माहीत आहे.

---

पेशीपेरा

नाही पुरणार. इथेनॉल बीजाणूंना मारत नाही आणि यूव्ही छिद्रांच्या आत पोचत नाही. इथिलीन ऑक्साइड किंवा गॅमा.

इथिलीन ऑक्साइड मोठ्या रुग्णालयाच्या सीएसएसडीत (निर्जंतुकीकरण विभागात) होतं, पण पाकिटावर ठळक लिहा: कोल्ड सायकल, ३७ अंश. त्यांची नेहमीची ५५ ची सायकल लागली तर ६० ला वितळणाऱ्या पीसीएलच्या भिंती बसतात. नंतर हवेशीर जागी आठवडाभर आणि वर व्हॅक्यूम. राहिलेला वायू स्वतःच पेशीघातक आहे.

गॅमासाठी नेहमीची मात्रा २५ किलोग्रे. ट्रॉम्बेच्या आयसोमेड या विकिरण केंद्रासारख्या ठिकाणी होतं. पीसीएल ते बऱ्यापैकी सोसतं, पण साखळ्या तुटतातही आणि जुळतातही. म्हणून विघटनाच्या प्रयोगातला शून्य दिवसाचा नमुना गॅमा दिलेलाच घ्या.

---

खारवट

मे महिन्यात पाठवणार असाल तर थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पॅकसह. उन्हात उभ्या कुरिअरच्या गाडीत पीसीएल वितळलं नाही तरी मऊ पडतं आणि वरच्या पाकिटांच्या वजनाने दबून ३ मिमीची चकती अडीचची होते. पाठवण्याआधी आणि आल्यावर जाडी मोजा, आणि एक चकती इथंच ठेवून घ्या.